शास्त्राभ्यासासाठी पैसे कशावर घालावेत?

सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, शिकणारी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आली की हा प्रश्न हमखास निघतो. माझा भाचा पुण्याला ईश्वरविज्ञान शिकतो. यंदा जालन्याला आला तेव्हा जेवताजेवता म्हणाला, "मावशी, लोगोस घेऊ का? वर्गातले बरेच जण घेणार म्हणायलेत. वर्गणी भरावी लागते, पण पुस्तकं लई मिळतात." लोगोस म्हणजे बायबल अभ्यासाचं विकतचं सॉफ्टवेअर. असंच मला परभणीकडच्या एका तरुण पाळकांनी विचारलं होतं, अंबडकडच्या एका सुवार्तिक ताईंनीही. तिघांची परिस्थिती वेगळी, म्हणून तिघांना दिलेली उत्तरंही वेगळी. पण विचार करायची रीत एकच आहे आणि ती इथे सविस्तर मांडावीशी वाटते. मी शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, आता आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिलांचा बायबल अभ्यास घेते. त्याची सगळी तयारी फोनवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर करते. बोलते आहे ते तेवढ्या अनुभवावर.

माझं मत आधीच सांगून टाकते. विकतचं घ्यायचं की फुकटचं, हा नंतरचा प्रश्न. आधी हे ठरवायचं की अभ्यास कुणापुढे मांडायचा आहे, ती माणसं काय विचारतात आणि त्यांना उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं आहे. जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेडच्या मंडळ्यांमध्ये ते उत्तर मराठीतच द्यावं लागतं. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत शेकडो, हजारो पुस्तकं मोजून दाखवलेली असतात आणि ती जवळपास सगळी इंग्रजीत असतात. ज्याला इंग्रजी भाष्य सलग वाचवत नाही त्याच्या फोनमध्ये ती हजार पुस्तकं नुसती जागा अडवतात.

नुसतं वाचायचं असेल तर एक रुपयाही घालायची गरज नाही. यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप २००८ पासून आहे. अमेरिकेत ओक्लाहोमामधली लाइफ चर्च नावाची मंडळी ते चालवते. त्यात बायबल सोसायटीचं आपल्या ओळखीचं पवित्र शास्त्र आहे, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन आहे, बिब्लिकाची समकालीन आवृत्ती आहे. बंगालमधल्या सेरामपूरहून, विल्यम कॅरींच्या मिशनकडून, १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला. तिथपासून आजपर्यंत पंडितांनी, मिशनऱ्यांनी आणि पुढे आपल्याच लोकांनी जे काम केलं, त्याची फळं आता एका वचनावर बोट ठेवून शेजारीशेजारी वाचता येतात. एखादं वचन एका आवृत्तीत अडलं की मी दुसरी उघडते, आणि निम्मी अडचण तिथेच सुटते. भाष्याकडे जायच्या आधी हे करून पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

एक गोष्ट मात्र घरीच तपासून घ्यावी. सगळ्या आवृत्त्या नेटशिवाय चालत नाहीत. प्रकाशकानं परवानगी दिली असेल तीच फोनमध्ये उतरवून ठेवता येते. आमच्याकडे कॉटेज प्रार्थनेला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या प्रार्थनेला, वस्तीवर जायचं म्हणजे रेंजची खात्री नाही. म्हणून निघायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि अध्याय उघडतो का ते बघायचं.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? बायबल डॉट इज नावाचं अ‍ॅप फेथ कम्स बाय हिअरिंग ही संस्था फुकट देते. त्यात नवा करार मराठीत ऐकता येतो. आमच्या मंडळातल्या एक आजी शेतमजुरी करून म्हाताऱ्या झाल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही. नातवाच्या फोनवर त्यांना मत्तयाचं शुभवर्तमान लावून दिलं. डोंगरावरचं प्रवचन संपल्यावर म्हणाल्या, "बाई, पुन्हा तेच लावा. उद्याची चिंता करू नका म्हणायलंय ते." तिसऱ्यांदा ऐकताना त्या पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या. अभ्यासाचं साधन कोणतं चांगलं याची चर्चा करताना आपण शिकलेली माणसं या आजींना हिशेबात धरत नाही, आणि मंडळीत अशी माणसं पुष्कळ आहेत.

आता खऱ्या अभ्यासाकडे. एकच उदाहरण पुरतं सांगते, म्हणजे ही साधनं नेमकं काय करतात ते कळेल.

महिलांच्या अभ्यासाला एकदा आम्ही विहिरी हा विषय घेतला होता. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात पलिष्ट्यांनी बुजवलेल्या आपल्या बापाच्या विहिरी इसहाक पुन्हा खणतो, गुराखी भांडायला येतात, तो पुढे सरकून दुसरी खणतो. मराठवाड्यातल्या बाईला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. पण बायबलमध्ये आणखी विहिरी कुठेकुठे आहेत ते मला हवं होतं. अ‍ॅपच्या शोधखिडकीत 'विहीर' टाकलं. थोडीच वचनं आली. कारण उघड आहे: मराठीत विभक्ती लागली की विहीरची विहिरी होते, विहिरीतून, विहिरीवर होते, आणि यंत्राला दीर्घ ही आणि ऱ्हस्व हि म्हणजे दोन वेगळी अक्षरं. मग नुसतं 'विहि' टाकून पाहिलं, तर विहितसारखे नको ते शब्द यायची भीती. असंच अर्ध्या र चं. 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' यातला र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तुमच्या कीबोर्डनं एका तऱ्हेनं टाकला आणि मजकूर दुसऱ्या तऱ्हेचा असला की शोध कोरा येतो, आणि माणसाला वाटतं की शास्त्रात तो शब्दच नाही.

इथे जेम्स स्ट्राँग कामाला येतात. या अमेरिकन प्राध्यापकांनी १८९० साली इंग्रजी किंग जेम्स बायबलची शब्दसूची छापली आणि मूळ भाषांतल्या शब्दांना क्रमांक दिले: हिब्रूकडे ८६७४ पर्यंत, ग्रीककडे ५६२४ पर्यंत. संगणक यायच्या किती आधी! आज अभ्यासाची बरीच बायबल सॉफ्टवेअरं याच क्रमांकांवर चालतात. इंग्रजीत 'वेल' शोधलं तर 'बरं', 'ठीक' या अर्थाची वचनंही ढिगानं येतात. पण उत्पत्तीतल्या त्या विहिरीवर बोट ठेवलं की क्रमांक दिसतो, ८७५. तो दाबला की तोच हिब्रू शब्द जिथे जिथे आहे ती सगळी ठिकाणं समोर येतात. हागारेची विहीर, रिबका पाणी भरते ती, याकोब राहेलीसाठी जिच्या तोंडावरचा दगड सारतो ती, मोशे मिद्यानात जिच्याजवळ बसतो ती. ती यादी वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक वचन मराठीत वाचलं. मी वापरते त्या अ‍ॅपमध्ये मराठी शब्दांना हे क्रमांक जोडलेले नाहीत, म्हणून मला इंग्रजीच्या दारातून आत जाऊन मराठीच्या दारातून बाहेर यावं लागतं. त्याला इंग्रजी फार लागत नाही. आमच्यातल्या बारावी झालेल्या मुली हे शिकल्या.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडले नाहीत. लॅपटॉपवर ई-स्वोर्ड आहे. रिक मायर्स यांनी २००० साली ते विंडोजसाठी मोफत दिलं आणि आजही ते मोफत आहे. द वर्ड नावाचंही असंच एक विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पेन ड्राइव्हवरून चालतं, त्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही तोही कुणाच्या तरी संगणकावर बसून आपला अभ्यास करू शकतो. फोनवर अँड बायबल आहे. क्रॉसवायर बायबल सोसायटीच्या स्वोर्ड प्रकल्पावर ते उभं आहे, स्वयंसेवकांनी बांधलेलं, नेटशिवाय चालणारं आणि जाहिरातींशिवायचं. वस्तीवर नेण्यासाठी मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं. केंब्रिजच्या टिंडेल हाउसनं केलेलं स्टेप बायबल आहे. त्यात शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द, त्याचा अर्थ, व्याकरण सगळं उलगडतं, आणि ते करणारे त्या विषयातले खरे अभ्यासक आहेत. एकेकट्या माणसांनी आणि लहान संस्थांनी वर्षानुवर्षं हे सांभाळलं आहे. मला याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते, आणि जमेल तेव्हा अशा प्रकल्पांना देणगी द्यावी असंही वाटतं.

फुकटाची ताकद मला खरी कळली ती दुष्काळाच्या वर्षी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात इकडे आमचेही डोळे टँकरच्या वाटेकडेच होते. मंडळात यिर्मयाचा चौदावा अध्याय घेतला. त्यात मोठ्या घरचे लोक चाकरांना पाण्याला धाडतात, चाकर हौदापाशी जातात आणि रिकामी भांडी घेऊन परत येतात. जमीन भेगाळलेली, शेतकरी डोकं झाकून बसलेले, गवत नाही म्हणून हरिणी आपलं पाडस टाकून जाते. वाचून झालं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "बाई, तिथं पाऊस कधी पडतो? आपल्यासारखा मिरगातच का?"

असा प्रश्न पुस्तकं लिहिणाऱ्या पंडिताला पडला नसता, आणि त्या अध्यायाच्या गाभ्याशी नेणारा तोच होता. रात्री शोधलं. आंतरराष्ट्रीय प्रमाण बायबल ज्ञानकोश १९१५ चा आहे, म्हणजे त्यावर आता कुणाचा हक्क नाही आणि जवळपास प्रत्येक मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो. त्यात पॅलेस्टाईनच्या पावसाची सविस्तर नोंद आहे. तिथे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात संपतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत, जून ते सप्टेंबर थेंब नाही. आपल्या बरोबर उलट. पहिल्या पावसावर पेरणी, शेवटच्या पावसावर दाणा भरायचा, आणि मधल्या काळात खडकात खोदून गिलावा केलेल्या हौदांत पाणी साठवायचं, ते पुढचे महिने पुरवायचं. हौद रिकामा याचा अर्थ मागचा आख्खा पावसाळा गेला.

पुढच्या आठवड्यात हे सांगितलं, आणि जोडीला पहिल्या शमुवेलाचा बारावा अध्याय काढला. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमुवेल गर्जना आणि पाऊस मागतो, तो पडतो आणि लोक घाबरून जातात. पाऊस आला तर घाबरायचं कशाला, असं शहरातला माणूस विचारेल. आमच्या बायकांनी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पाहिलेली होती. उभा गहू, हरभरा, द्राक्षं झोपलेली पाहिली होती. "अवकाळीच की तो," एकजण म्हणाली आणि अध्याय तिथेच समजला. शमुवेलाचा हा अध्याय मला वचनसंदर्भांच्या एका जुन्या खजिन्यातून सापडला. त्यात एकेका वचनाला जुळणारी वचनं दिलेली आहेत, सगळी मिळून लाखांच्या घरात. तोही एकोणिसाव्या शतकातला, तोही फुकट. त्या दोन आठवड्यांत दुसऱ्या कशाची उणीव भासली नाही.

मग विकतचं लागतं कुठे? लागतं, आणि जिथे लागतं तिथे फुकटाचं कौतुक करत बसू नये. मोफत मिळणारी बहुतेक भाष्यं जुनी आहेत, कारण हक्क संपलेलेच ग्रंथ फुकट वाटता येतात. मॅथ्यू हेन्री १७१४ मध्ये वारले. त्यांचं भाष्य भक्तीसाठी आजही गोड आहे, मी सकाळी वाचते. पण एलीया संदेष्ट्याच्या काळच्या दुष्काळाकडे या. पहिले राजे, सतरावा अध्याय: माझ्या शब्दाशिवाय दहिवर पडणार नाही, पाऊस पडणार नाही. जुनं भाष्य इथे मुख्यतः पाप आणि शिक्षा यांवर बोलतं. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्याजवळ एका शेतकऱ्याचा नांगर जमिनीखालच्या दगडाला लागला. खाली थडगं निघालं. दुसऱ्या वर्षी उत्खनन सुरू झालं आणि उगारित हे प्राचीन शहर वर आलं, मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या कथांसकट. त्या कथांमध्ये बआल हा मेघांवर स्वार होणारा, पाऊस देणारा देव आहे. अहाब राजाची राणी ईजबेल सीदोनाकडची, बआलाला मानणारी. म्हणजे पाऊस बंद होईल असं एलीया म्हणतो तेव्हा तो बआलाच्या हातातलीच गोष्ट काढून घेतो. आणि देव त्याला दुष्काळात पाठवतो कुठे, तर सीदोनाच्या हद्दीत, सारफथच्या विधवेकडे, बआलाच्या घरच्या अंगणात. तिथे पीठ सरत नाही, तेल आटत नाही. १७१४ साली वारलेल्या माणसाला उगारितच्या पाट्यांतलं हे कळायला मार्गच नव्हता, त्यात त्याचा दोष नाही. पण आज संदेश देणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, आणि ते सांगणारी पुस्तकं विकत मिळतात.

शब्दकोशांचंही तेच. मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्रीकसाठी बहुधा थेयरचा कोश असतो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून पपायरसवरची हजारो पत्रं, पावत्या, करारनामे निघाले आणि नव्या कराराची ग्रीक भाषा ही बाजारातल्या माणसाची भाषा होती हे स्पष्ट झालं. ती माहिती ज्याच्यात आहे तो आजचा प्रमाण कोश, अभ्यासक ज्याला बीडॅग म्हणतात, त्याची तिसरी आवृत्ती २००० सालची, आणि ती महाग आहे. ज्याला ग्रीकमध्ये परीक्षा द्यायची आहे, प्रबंध लिहायचा आहे, त्याला तो लागणारच. स्ट्राँगच्या क्रमांकाखाली जो दोन ओळींचा अर्थ येतो त्याच्यावर आख्खा उपदेश उभा करणारे पाळक मी ऐकलेत. मला ते धोक्याचं वाटतं. तो क्रमांक शब्द कुठे आहे ते शोधायला उत्तम. एखाद्या वाक्यात त्याचा अर्थ काय, हे वाक्यच सांगतं.

तरीही फुकट म्हणजे जुनंच, असं समजू नये. नेट बायबल नावाच्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांनी आपल्या साठ हजारांहून अधिक टिपा ऑनलाइन मोफत वाचायला ठेवल्या आहेत. हे वाक्य असंच का केलं, दुसरा पर्याय कोणता होता, जुन्या हस्तलिखितांत फरक काय, हे त्या टिपा सांगतात. ग्रीक नव्या कराराची एसबीएल या बायबल अभ्यासकांच्या संस्थेची आवृत्ती २०१० पासून मोफत आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या लेनिनग्राड हस्तलिखितावर आधारलेला हिब्रू मजकूरही मोफत आहे. मी भाच्याला या टिपा दाखवल्या तेव्हा तो तासभर फोन सोडेना.

विकतच्यांत दोन नावं मोठी. लोगोस १९९२ पासून आहे, अकॉर्डन्स १९९४ पासून. अकॉर्डन्स मूळ भाषांसाठी वाखाणलं जातं, लोगोस ग्रंथालयासाठी. लोगोसची खरी किंमत पुस्तकांच्या संख्येत नाही, जोडणीत आहे. एक अध्याय उघडला की तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक पुस्तकात त्या अध्यायावर काय म्हटलं आहे ते एका पानावर येतं. दर आठवड्याला संदेश तयार करणाऱ्या आणि इंग्रजी सहज वाचणाऱ्या पाळकाचे त्यात खरोखर तास वाचतात, ते मी नाकारणार नाही. २०२४ पासून त्यांनी वर्गणीची पद्धत आणली आहे. तिथे एक फरक नीट समजून घ्यावा: विकत घेतलेलं पुस्तक वर्गणी थांबली तरी वाचता येतं, वर्गणीबरोबर वाचायला दिलेलं ग्रंथालय वर्गणीपुरतंच. मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडेलच याची शाश्वती नसलेल्या माणसानं दरमहाचा खर्च अंगावर घेण्याआधी हे पाहावं. आणि विकतचं म्हणजे कायमचं, असंही नाही. बायबलवर्क्स हे अभ्यासकांचं लाडकं सॉफ्टवेअर पंचवीसएक वर्षं चाललं आणि २०१८ च्या जूनमध्ये कंपनीनंच दुकान बंद केलं. ज्यांनी घेतलं होतं त्यांच्याकडे ते राहिलं, पण नवीन काही येणं थांबलं.

आता एक अवघड बोलते. आपल्याकडे पेन ड्राइव्ह फिरतात. कुणीतरी कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, हक्क असलेली भाष्यं, कोश, सगळं भरून देतं आणि वर सांगतं, देवाच्या कामासाठीच आहे. मी ते घेत नाही आणि मुलांना घेऊ देत नाही. त्या पुस्तकांमागे माणसांची वर्षं गेलेली असतात. आठवी आज्ञा शिकवायची तयारी चोरीच्या पुस्तकातून करायची, हे मला पटूच शकत नाही. आणि गरजही नाही. प्रामाणिकपणे फुकट मिळणारं इतकं आहे की ते वाचून संपायला आयुष्य पुरणार नाही.

भाच्याला शेवटी हे सांगितलं. लोगोसचं मोफत रूप आहे ते आधी उतरवून घे. त्यात दर महिन्याला एक पुस्तक फुकट देतात, ते घेत जा. रोजच्या कामाला स्टेप बायबल आणि फोनवर अँड बायबल. वर्गणीला लागणारे पैसे बाजूला टाक आणि वर्षातून एक चांगलं पुस्तक घे, त्या वर्षी जे शिकवणार आहेस त्यावरचं. जुन्या कराराची पार्श्वभूमी सांगणारं एक आधी घे. ग्रीक कोशासाठी सेमिनरीचं ग्रंथालय आहे तोवर ते वापर. परभणीच्या पाळकांना मात्र मी वर्गणी घ्या म्हणाले होते. त्यांचं इंग्रजी पक्कं आहे, आठवड्याला तीन ठिकाणी बोलावं लागतं, आणि खर्च मंडळीची पंचकमिटी उचलायला तयार होती. अंबडच्या ताईंना म्हटलं, काहीच घेऊ नका. फोनला चांगली बॅटरी घ्या आणि एक छोटा स्पीकर, म्हणजे वस्तीवर सगळ्यांना वचन ऐकू जाईल.

पण या तिघांनाही जे हवं होतं ते कुठल्याच दुकानात नव्हतं, पैसे देऊनही नव्हतं. मी जी जी सॉफ्टवेअरं वापरली त्यांत मराठी बायबल मिळालं. मराठीत टिपा, मराठीत नकाशे, पाऊस कधी पडतो हे मराठीत सांगणारं पान मिळालं नाही. दर वेळी मी रात्री इंग्रजीत वाचते, वहीत मराठीत उतरवते, आठवड्याला बायकांपुढे ठेवते, आणि ती वही माझ्या कपाटात राहते. अशा वह्या प्रत्येक पाळकाच्या, प्रत्येक बायबलबाईच्या घरी असणार. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं. इतक्या जुन्या मंडळ्या आहेत आपल्या. तेव्हापासून किती जणांनी किती समजावून सांगितलं असेल, आणि त्यातलं किती कागदावर राहिलं?

गेल्या काही वर्षांत यात एक दार उघडलं आहे, आणि हा लेख लिहायला बसले ते खरं तर त्यासाठी. इंडियन रिवाइज्ड व्हर्जनचा मराठी मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली आहे. म्हणजे तो छापायला, वाटायला, त्याच्याखाली टिपा द्यायला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. बायबल सोसायटीच्या मजकुराला ती लागते. तिकडे टिंडेल या अमेरिकन प्रकाशकांनी (केंब्रिजचं टिंडेल हाउस वेगळं) आपल्या अभ्यासटिपा आणि बायबल शब्दकोश याच तऱ्हेच्या परवान्यानं खुले केले आहेत. जुने, हक्क संपलेले नाहीत हे, आजच्या अभ्यासकांनी लिहिलेले आहेत. श्रेय द्यायचं, बदल केला तर तसं सांगायचं, आणि जे तयार होईल ते पुढच्याला तसंच मोकळं द्यायचं, एवढ्या अटी. भाषांतर करायला कुणी अडवत नाही. मोफत अ‍ॅपसाठी त्या टिपांची फाइल बनवायलाही कुणी अडवत नाही. जे काम मी वहीत एकटीसाठी करते ते सगळ्यांसाठी करायला आता पैशांची अडचण नाही, परवानगीचीही नाही.

म्हणून आम्ही रूथ घेतलं आहे. चारच अध्याय, आणि सुरुवातच दुष्काळानं होते. बेथलेहेमात अन्न नाही म्हणून एक घर बिऱ्हाड उचलून मवाबात जातं. ऊसतोडीला जाणारी घरं ज्यांच्या शेजारी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी आणि मंडळीतल्या दोन मुली टिपा मराठीत उतरवतो. भाचा पुण्याहून तपासून देतो, आणि मूळ इंग्रजीशी कुठे फारकत झाली ते लाल रंगात दाखवतो. मग ते महिला मंडळात मोठ्यानं वाचतो. ज्या वाक्याला कुणीतरी "म्हंजी काय?" विचारतं ते वाक्य पुन्हा लिहायचं. दुसऱ्या अध्यायात रूथ दिवसभर सरवा वेचून एफाभर जव घरी नेते. टिपेत त्याचं माप साधारण बावीस लिटर आहे. बायकांनी लगेच पायलीत विचारलं, आणि पायली कुठली धरायची यावर अर्धा तास गेला, कारण प्रत्येकीच्या गावची पायली वेगळी. शेवटी लिटरच ठेवलं आणि पुढे लिहिलं, एका बाईला डोक्यावर नेता येईल इतकं ओझं. सरवा गोळा करायचा गरिबांचा हक्क लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, ती जोड टिपेत होतीच. आमच्या बायकांनी त्यात ज्वारीची कणसं आणि कापसाची बोंडं वेचण्याची आठवण घातली. ती मात्र टिपेत घालायची की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही. भाचा नको म्हणतो, मला हवी आहे.

दोन अध्याय झाले आहेत. तिसरा, खळ्यावरचा, सुरू आहे. तिथे सोडवणूक करणाऱ्या नातलगाचा कायदा येतो, आणि ती टीप इंग्रजीतच गुंतागुंतीची आहे. जमिनीच्या वारसाचं सातबाऱ्यावरचं मराठी ज्याला नीट येतं आणि शास्त्रही ठाऊक आहे असं कुणीतरी आम्हाला हवं आहे. निवृत्त तलाठी असेल तर फारच बरं.